बोटावरचा आकडा आणि कातडीचा रंग

२०२० आणि २०२१ या दोन वर्षांत ‘सॅच्युरेशन किती?’ हा प्रश्न महाराष्ट्रातल्या घराघरांत तब्येतीच्या चौकशीचा भाग होऊन गेला. सप्टेंबर २०२०मध्ये सुरू झालेल्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आशाताई आणि स्वयंसेवक थर्मल गन आणि पल्स ऑक्सिमीटर घेऊन दारोदार गेले. कोविडच्या दुसऱ्या लाटेत घरातल्या घरात सहा मिनिटं चालायचं, मग बोटाला चिमटा लावून आकडा बघायचा, हे शाळकरी मुलांनाही पाठ झालं होतं. आकडा ९४च्या वर असेल तर घरी थांबायचं, खाली घसरला तर हॉस्पिटल गाठायचं. खाटा अपुऱ्या होत्या, प्राणवायू अपुरा होता आणि कुणाला काय मिळणार हे बऱ्याचदा त्या इवल्याशा पडद्यावरच्या दोन अंकांवर ठरत होतं.

पहिली आणि दुसरी लाट यांच्या मधल्या काळात, डिसेंबर २०२०मध्ये, ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या डॉक्टरांचं एक छोटं पत्र छापून आलं. पल्स ऑक्सिमीटरचा आकडा गोऱ्या रुग्णांपेक्षा कृष्णवर्णीय रुग्णांत अधिक वेळा चुकतो आणि चुकतो तो धोक्याच्या बाजूला, असं त्यात म्हटलं होतं. म्हणजे रक्तात प्राणवायू कमी असताना यंत्र तो पुरेसा असल्याचं दाखवतं. त्या पत्रानंतर अभियंते, भूलतज्ज्ञ, आयसीयूतले डॉक्टर, औषध-नियामक आणि समाजशास्त्रज्ञ अशा सगळ्यांचा मिळून एक वाद उभा राहिला, तो अजून मिटलेला नाही. तो कुठून सुरू झाला, त्यात कोण काय म्हणतं आणि काय सुटायचं बाकी आहे, याचा हा आढावा. कातडीच्या इतक्या छटा एकत्र नांदणाऱ्या आपल्या देशाला हा प्रश्न अमेरिकेपेक्षा अधिक जवळचा आहे, असं मला वाटतं. म्हणून शेवटी आपल्याकडच्या परिस्थितीकडेही वळलो आहे.

नाडीच्या ठोक्यात सापडलेली युक्ती

हिमोग्लोबिनला प्राणवायू चिकटलेला असला की रक्त लालभडक दिसतं, सुटला की काळपट. हा रंगातला फरक प्रकाशानं मोजता येईल, ही कल्पना जुनी आहे. जर्मनीत कार्ल मॅथेस यानं १९३५च्या सुमारास कानाच्या पाळीतून दोन रंगांचा प्रकाश सोडून तसा प्रयोग केला. दुसऱ्या महायुद्धात उंचावर उडणाऱ्या वैमानिकांसाठी ग्लेन मिलिकन यानं कानाला लावायचं यंत्र बनवलं. ‘ऑक्सिमीटर’ हे नाव त्याचंच. सत्तरच्या दशकात ह्युलेट-पॅकार्ड कंपनीनं आठ तरंगलांबींचा प्रकाश वापरणारं यंत्र आणलं. ते अचूक होतं, पण अवजड आणि महाग असल्यामुळे मोजक्या प्रयोगशाळांपुरतंच राहिलं. अडचण सगळ्यांची एकच होती. प्रकाश फक्त धमनीतल्या रक्तातून जात नाही. कातडी, हाड, मांस, नीलेतलं रक्त हे सगळं त्याच्या वाटेत येतं, आणि त्यातलं कुणी किती प्रकाश शोषला हे वेगळं काढता येत नव्हतं.

ही अडचण ज्यानं सोडवली, तो प्राणवायू मोजायला बसलेलाच नव्हता. टोकियोच्या निहोन कोहडेन कंपनीतला अभियंता ताकुओ आओयागी हृदय मिनिटाला किती रक्त ढकलतं हे मोजण्याच्या खटपटीत होता. रक्तात रंगद्रव्य सोडायचं आणि कानाच्या पाळीवर प्रकाश टाकून ते कसं पातळ होत जातं हे पाहायचं, अशी त्याची पद्धत. नाडीचे ठोके त्याच्या आलेखात सतत लुडबुड करत होते. ते काढून टाकण्याचा मार्ग शोधताना त्याच्या ध्यानात आलं की ही लुडबुडच कामाची आहे. ठोक्यागणिक जे कमी-जास्त होतं ते फक्त धमनीतलं रक्त. बाकी सगळं स्थिर असतं. तेव्हा दोन तरंगलांबींच्या प्रकाशांतला फक्त हलणारा भाग घ्यायचा आणि त्यांचं गुणोत्तर काढायचं. कातडी, हाड, नीलेतलं रक्त आपोआप बाजूला पडतं. १९७४ साली त्यानं हे मांडलं आणि पेटंटसाठी अर्ज केला. मिनोल्टा कंपनीनंही त्याच सुमारास स्वतंत्रपणे तशाच कल्पनेचं पेटंट मागितलं आणि पुढे बोटाला लावायचं यंत्र बाजारात आणलं.

आजही बोटावरच्या चिमट्यात दोन एलईडी असतात: एक ६६० नॅनोमीटरच्या आसपासचा लाल, दुसरा ९४० नॅनोमीटरच्या आसपासचा अवरक्त. अमेरिकेत नेलकोर कंपनीनं १९८३मध्ये आणलेल्या यंत्रानं ऑपरेशन थिएटरात बस्तान बसवलं. सॅच्युरेशन घसरलं की त्याच्या ‘बीप’चा सूर खाली यायचा, त्यामुळे भूलतज्ज्ञाला पडद्याकडे मान वळवायचीही गरज उरली नाही. १९९०पर्यंत अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेनं भूल देताना हे यंत्र लावणं मानक ठरवलं. २००८ सालच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या शस्त्रक्रिया-सुरक्षा यादीतही त्याला जागा मिळाली. त्या यादीमागे ज्यांचं काम होतं ते शल्यविशारद अतुल गावंडे यांच्या वडिलांचं मूळ गाव विदर्भातलं. जगातल्या सुमारे ७७,००० ऑपरेशन थिएटरांत हे यंत्र नाही, असा अंदाज २०१०मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. गरीब देशांतल्या थिएटरांत ते पोचवण्यासाठी ‘लाइफबॉक्स’ ही संस्था उभी राहिली, तिच्याशीही गावंडेंचं नाव जोडलेलं आहे. पुढच्या वादात हा संदर्भ विसरून चालणार नाही. या यंत्रानं किती माणसं वाचवली, हे त्याच्यावर टीका करणारेही आधी सांगतात.

आओयागी एप्रिल २०२०मध्ये गेले. तेव्हा जगभर लोक औषधाच्या दुकानांत त्यांचं यंत्र शोधत होते.

अचूकता ठरते कशी

गुणोत्तर मिळालं तरी त्यावरून टक्केवारी काढायचं सूत्र निव्वळ भौतिकशास्त्रातून निघत नाही. प्रकाश बोटातून सरळ जात नाही. तो विखुरतो, वळतो, परततो. म्हणून प्रत्येक कंपनी निरोगी स्वयंसेवकांवर प्रयोग करते. त्यांना देखरेखीखाली कमी प्राणवायूची हवा दिली जाते, सॅच्युरेशन टप्प्याटप्प्यानं ७० टक्क्यांपर्यंत उतरवलं जातं आणि दर टप्प्यावर धमनीतलं रक्त काढून प्रयोगशाळेतल्या को-ऑक्सिमीटरवर तपासतात. यंत्राचं गुणोत्तर आणि रक्ताचा खरा आकडा यांचा मेळ घालून एक तक्ता तयार होतो. तोच तक्ता यंत्राच्या चिपमध्ये बसतो. ७०च्या खाली माणसाला नेणं धोक्याचं, त्यामुळे त्याखालचे आकडे अंदाजानं ओढलेले असतात.

वादाचं मूळ या तक्त्यात आहे. तक्ता ज्यांच्या बोटांवर तयार झाला ती माणसं कोण होती?

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या, म्हणजे एफडीएच्या, २०१३च्या मार्गदर्शक सूचनांनुसार किमान दहा निरोगी माणसांवर चाचणी पुरेशी होती. त्यांत गडद कातडीची किमान दोन माणसं किंवा एकूण संख्येच्या १५ टक्के, यांतली जी संख्या मोठी असेल तेवढी हवी होती. दहांत दोन. ‘गडद’ म्हणजे नेमकं किती, याची व्याख्या सैल होती. शिवाय निकाल सगळ्यांचा मिळून एकच काढला जाई. आठ जणांत यंत्र उत्तम चाललं आणि दोघांत घसरलं, तरी सरासरी उत्तीर्ण होऊ शकत होती.

त्यातही मान्य त्रुटी किती? बोटातून आरपार प्रकाश सोडणाऱ्या यंत्रांना साधारण ३ टक्क्यांची. तिचा व्यवहारातला अर्थ असा की दर तीन वाचनांपैकी दोन खऱ्या आकड्याच्या तीन अंशांच्या आत इकडेतिकडे येतात, तिसरं त्याहूनही लांब जाऊ शकतं. यंत्र ९२ दाखवत असेल तर खरा आकडा ८९ असणं हे नियमात बसणारं आहे. ९३ आणि ९४मध्ये आपण कोविडकाळात जे जीवनमरणाचं अंतर पाहत होतो, ते या यंत्राला कधीच दिसत नव्हतं. कातडीचा प्रश्न येतो तो यानंतर.

जुने इशारे, नवं पत्र

२०२०च्या पत्रामुळे हे अचानक उघड झालं, असा समज आहे. तो बरोबर नाही. १९९०मध्येच अमल जुब्रान आणि मार्टिन टोबिन यांनी व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचा अभ्यास छापला होता. गोऱ्या रुग्णांत यंत्रावर ९२ दिसणं पुरेसं ठरत होतं, तर कृष्णवर्णीय रुग्णांत तेवढीच खात्री मिळवायला ९५ दिसावे लागत. चार अंशांहून मोठी चूक गोऱ्या रुग्णांत ११ टक्के वाचनांत होती, कृष्णवर्णीयांत २७ टक्के. पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या फिलिप बिकलर, जॉन फायनर आणि जॉन सेव्हरिंगहाउस यांनी २००५ आणि २००७मध्ये निरोगी स्वयंसेवकांवर नियंत्रित प्रयोग केले. त्यांतही गडद कातडीत यंत्र आकडा फुगवून दाखवत होतं, आणि सॅच्युरेशन जसजसं खाली जाई तसतशी ही फूग वाढत होती. हे शोधनिबंध भूलशास्त्रातल्या नामांकित नियतकालिकांत छापून आले होते. तरीही तज्ज्ञांच्या वर्तुळाबाहेर त्यांची फारशी वाच्यता झाली नाही. थिएटरात निरोगी माणसाचं सॅच्युरेशन ९८-९९ असतं, तिथे या चुकीचा त्रास होत नाही, हे त्याचं एक कारण असावं.

ऑगस्ट २०२०मध्ये एमआयटीतल्या मानववंशशास्त्रज्ञ एमी मोरन-थॉमस यांनी ‘बोस्टन रिव्ह्यू’त या जुन्या निबंधांकडे लक्ष वेधणारा लेख लिहिला. मायकेल शोडिंग आणि त्यांच्या मिशिगनमधल्या सहकाऱ्यांनी मग आपल्याच रुग्णालयाच्या नोंदी चाळल्या. यंत्राचं वाचन आणि धमनीच्या रक्ताची तपासणी दहा मिनिटांच्या आत झालेली आहे, अशा जोड्या त्यांनी काढल्या. यंत्र ९२ ते ९६ दाखवत असताना खरं सॅच्युरेशन ८८च्या खाली असण्याचं प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के होतं आणि कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के. इतर अनेक रुग्णालयांच्या नोंदींतही तोच कल दिसला. अशा न दिसणाऱ्या कमतरतेला आता ‘छुपी हायपोक्सिमिया’ म्हटलं जातं.

पुढच्या दोन वर्षांत अमेरिकेतल्या मोठ्या नोंदसंचांवर असेच अभ्यास झाले. छुपी कमतरता असलेल्या रुग्णांत मृत्यूचं प्रमाण अधिक आढळलं. २०२२च्या एका अभ्यासात कोविडचे कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक रुग्ण उपचाराला पात्र असल्याचं उशिरा ओळखलं गेल्याचं दिसलं. आयसीयूतल्या आशियाई, कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक रुग्णांना तुलनेनं कमी प्राणवायू दिला गेल्याचं आणखी एका अभ्यासानं नोंदवलं. ‘आशियाई’ हा शब्द आपण इथे थांबून वाचायला हवा. त्या रकान्यात चिनी, कोरियन, भारतीय, फिलिपिनो सगळे एकत्र असतात. त्यांतल्या दक्षिण भारतीयाच्या आणि कोरियनाच्या कातडीत बऱ्याचदा रंगाचं फारसं साम्य नसतं.

चूक होते तरी का

इथे विज्ञानाला न सुटलेला भाग सुरू होतो. आओयागींच्या युक्तीनुसार कातडीचा रंग आड यायलाच नको. कातडीला रंग देणारं मेलॅनिन ठोक्यागणिक बदलत नाही. ते स्थिर आहे, म्हणजे वजा व्हायला हवं. मग ते आकड्यात शिरतं कुठून?

एक स्पष्टीकरण एलईडीकडे बोट दाखवतं. एलईडीचा प्रकाश शुद्ध एकाच तरंगलांबीचा नसतो, त्याला थोडी रुंदी असते. मेलॅनिन लाल पट्ट्यातला कमी तरंगलांबीचा भाग अधिक शोषतं. त्यामुळे रक्तापर्यंत पोचणारा लाल प्रकाश किंचित सरकलेला असतो, आणि चिपमधला तक्ता मात्र न सरकलेल्या प्रकाशासाठी केलेला असतो. दुसरं स्पष्टीकरण विखुरण्याचं आहे: मेलॅनिनचा थर प्रकाशाची वाटच बदलतो, कुठला प्रकाश किती खोल जाऊन परततो याचं गणित बदलतं. तिसरं साधं आहे. मेलॅनिननं प्रकाश शोषला की सेन्सरपर्यंत पोचणारा संदेश क्षीण होतो आणि क्षीण संदेशात गोंगाटाचा वाटा वाढतो.

हे तिसरं स्पष्टीकरण एका वेगळ्या घटकाशी जोडलं गेलं आहे. ‘परफ्यूजन’ म्हणजे बोटापर्यंत रक्त किती जोमानं पोचतं ते. थंडीनं गारठलेला, रक्तदाब खालावलेला, रक्तस्राव झालेला रुग्ण असेल तर ठोका मंद उमटतो. सॅन फ्रान्सिस्कोच्याच गटानं २०२४मध्ये छापलेल्या अभ्यासात दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की चूक सर्वांत मोठी होत असल्याचं दिसलं: गडद कातडी आणि मंद ठोका. हे निष्कर्ष टिकले तर बरंच कोडं उलगडेल. निरोगी, ऊबदार हातांच्या स्वयंसेवकांवर घेतलेल्या चाचण्यांत यंत्र उत्तीर्ण होतं आणि आयसीयूत नापास होतं, ते का, याचं उत्तर तिथे मिळू शकतं. माझ्या मते गेल्या काही वर्षांतला या क्षेत्रातला सर्वांत आशादायक धागा हाच आहे.

किती गंभीर? मतं विभागलेली

एका बाजूचं म्हणणं असं. चूक एका दिशेची आहे, ती ठरावीक लोकांच्याच वाट्याला येते आणि ती तीस वर्षं माहीत असून दुरुस्त झाली नाही. सरासरी एक-दोन अंशांची असली तरी उपचार ठरतात ते ९२, ९४ अशा काठावरच्या आकड्यांवर, आणि काठावर एक अंशही पुष्कळ असतो. शिवाय आज सॉफ्टवेअर आणि कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या इशारा-प्रणाल्या हाच आकडा कच्चा माल म्हणून घेतात. मुळातली चूक पुढे झिरपत जाते. ब्रिटनमध्ये मार्गारेट व्हाइटहेड यांच्या अध्यक्षतेखालच्या स्वतंत्र समितीनं मार्च २०२४मध्ये वैद्यकीय उपकरणांतल्या विषमतेवर अहवाल दिला, त्यातही पल्स ऑक्सिमीटरला ठळक स्थान आहे.

दुसरी बाजू चूक नाकारत नाही. तिचा आक्षेप पुराव्याच्या जातीवर आहे. रुग्णालयाच्या जुन्या नोंदींवरून केलेल्या अभ्यासांत यंत्राचं वाचन आणि रक्ताचा नमुना एकाच क्षणाचे नसतात. अत्यवस्थ रुग्णाचं सॅच्युरेशन दहा मिनिटांत कितीही हलू शकतं. धमनीचं रक्त काढलं जातं ते मुख्यतः फार आजारी माणसांचं, त्यामुळे निष्कर्ष सगळ्यांना लावता येत नाहीत. आणि मोजला गेला तो कागदावरचा वंश, कातडीचा रंग नाही. मृत्यूशी जोडलेला संबंधही सहसंबंध आहे. त्या रुग्णांना इतर कारणांनी कमी दर्जाचे उपचार मिळाले असतील तर सगळा दोष यंत्रावर टाकता येणार नाही. सगळ्याच अभ्यासांत फरक सापडलेला नाही, हेही ते दाखवून देतात. जन्मजात हृदयविकारानं ओठ निळे पडलेल्या बाळांवरच्या २०१७च्या एका लहान अभ्यासात काळ्या आणि गोऱ्या बाळांत लक्षणीय अंतर दिसलं नव्हतं. मिशिगनच्या पत्रातल्या ३.६ टक्के गोऱ्या रुग्णांचीही ते आठवण करून देतात: यंत्र अधूनमधून प्रत्येकालाच फसवतं.

या दोन्हींच्या मध्ये गरीब देशांत काम करणाऱ्या भूलतज्ज्ञांची एक काळजी आहे आणि ती मला महत्त्वाची वाटते. जिथे ऑक्सिमीटरच नव्हतं तिथे ते आलं आणि माणसं वाचली. ‘हे यंत्र काळ्या माणसांवर चालत नाही’ असा ढोबळ संदेश गेला तर ते कपाटात जाऊन बसेल, आणि नुकसान त्याच माणसांचं होईल.

दुरुस्तीच्या वाटा

सर्वांत सोपी सूचना मर्यादा वर न्यायची: गडद कातडीच्या रुग्णात ९२ऐवजी ९५चं लक्ष्य ठेवा. जुब्रान आणि टोबिन यांनी हेच सुचवलं होतं. तिला दोन अडचणी आहेत. गरजेपेक्षा जास्त प्राणवायूही अपाय करतो. सीओपीडी या फुप्फुसांच्या जुनाट आजाराच्या रुग्णांत तर मुद्दाम ८८ ते ९२च्या दरम्यान ठेवावं लागतं. आणि दुसऱ्या लाटेतल्या २०२१च्या एप्रिलसारखी वेळ आली तर प्रत्येकाला तीन अंश जास्तीचा प्राणवायू आणायचा कुठून?

वंशानुसार आकड्यात बेरीज-वजाबाकी करण्याचा मार्ग बहुतेकांनी फेटाळला आहे. मूत्रपिंडाच्या कार्याचं गणित करताना अमेरिकेत वर्षानुवर्षं असा वांशिक गुणक वापरला जाई. तो २०२१मध्ये काढून टाकण्याची शिफारस झाली. तीच चूक इथे पुन्हा करण्यात अर्थ नाही, असं मत बनलं आहे.

अभियंत्यांचं काम वेगळ्या दिशांनी चाललं आहे. टफ्ट्स विद्यापीठात व्हॅलेन्शिया कूमसन यांचा गट कातडीची छटा मोजून त्यानुसार प्रकाश आणि गणित जुळवून घेणारं यंत्र घडवतो आहे. ब्राउन विद्यापीठात किमानी तूसाँ यांच्या प्रयोगशाळेत ध्रुवीकृत प्रकाशाचा वापर करून पाहिला जातो आहे. दोनांऐवजी अनेक तरंगलांबी वापरायच्या, म्हणजे सत्तरच्या दशकातली जुनी कल्पना स्वस्त एलईडीच्या काळात पुन्हा उचलायची, असाही विचार आहे. यांतलं काहीही अजून रोजच्या वापरात स्थिरावलेलं नाही.

तोवर भर आहे तो चाचणीचे नियम बदलण्यावर. एफडीएनं फेब्रुवारी २०२१मध्ये सावधगिरीची सूचना दिली, नोव्हेंबर २०२२ आणि फेब्रुवारी २०२४मध्ये तज्ज्ञांच्या बैठका घेतल्या आणि जानेवारी २०२५मध्ये नव्या सूचनांचा मसुदा काढला. त्यात दहाऐवजी दीडशे किंवा त्याहून अधिक माणसं सुचवली आहेत, आणि निकाल कातडीच्या छटेनुसार वेगळा दाखवायचा आहे. छटा ठरवायची कशी, हाही एक लढा झाला. जुनी फिट्झपॅट्रिक श्रेणी उन्हानं कातडी भाजते की काळवंडते यावर बेतलेली, रंग मोजायला ती बनलीच नव्हती. मसुद्यात हार्वर्डचे समाजशास्त्रज्ञ एलिस मंक यांची दहा छटांची श्रेणी आहे, आणि जोडीला उपकरणानं मोजलेला रंगाचा कोन, म्हणजे छटा किती गडद हे सांगणारा आकडा. मोजायचं कुठे, यावरही चर्चा झाली. यंत्र लागतं बोटाला, आणि बोटाच्या पेराची आतली बाजू गडद माणसाचीही बरीच उजळ असते. कपाळाचा रंग नोंदवून बोटातल्या प्रकाशाबद्दल काय कळणार? छोट्या उत्पादकांना दीडशे माणसांची चाचणी परवडेल का, आणि अशा चाचण्या करू शकणाऱ्या प्रयोगशाळा जगात आहेत तरी किती, हे आक्षेपही नोंदले गेले आहेत.

आपल्याकडे

भारतात एप्रिल २०२०पासून सगळी वैद्यकीय उपकरणं कायद्यानं ‘औषध’ या व्याख्येत आली आणि ऑक्टोबर २०२२पासून टप्प्याटप्प्यानं परवाने सक्तीचे झाले. जुलै २०२१मध्ये ऑक्सिमीटरसह पाच उपकरणांच्या विक्रीतल्या नफ्यावर ७० टक्क्यांची मर्यादा आली. ती गरजेची होती. दुसऱ्या लाटेत किमती कुठल्या कुठे गेल्या होत्या. पण किंमत आणि अचूकता हे दोन वेगळे प्रश्न आहेत. त्या काळात घराघरांत पोचलेली यंत्रं बहुतांशी स्वस्त, बोटावरची, परवाना-सक्तीच्या आधीची आहेत आणि अजून खणांत पडून आहेत. सॅन फ्रान्सिस्कोच्या गटानं २०१६मध्ये अशी काही स्वस्त यंत्रं तपासली. काही सपशेल चुकत होती, तर काही महागड्या यंत्रांच्या तोडीस तोड निघाली. किमतीवरून दर्जा ओळखता येत नाही, असा त्याचा अर्थ. पेन्सिलीवरही आकडा येतो, असे व्हिडिओ तेव्हा फिरत होते. त्यानं यंत्र खोटं ठरत नाही. चिमट्यात जे असेल त्यातून येणाऱ्या प्रकाशाच्या हालचालीला ते ठोका समजतं, आणि हात जरासा हलला तरी पेन्सिलीतही ‘ठोका’ सापडतो. बोट स्थिर आणि ऊबदार ठेवा, गडद मेंदी किंवा नेलपॉलिश असेल तर दुसरं बोट निवडा, एका वाचनापेक्षा दिवसभराचा कल बघा, ही सूचना घराघरांत यंत्राइतकी पोचली नाही.

ग्रामीण भागात या यंत्राचं महत्त्व वाढतच जाणार आहे. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’नं गावातल्या कार्यकर्त्यांना बाळाचे श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला शिकवलं आणि बालमृत्यू कमी करून दाखवले. नोव्हेंबर २०१९मध्ये केंद्र सरकारनं सुरू केलेल्या ‘सांस’ मोहिमेत बालकांच्या न्यूमोनियासाठी आरोग्य केंद्रांवर ऑक्सिमीटर वापरणं अपेक्षित आहे. श्वास मोजण्याच्या जोडीला आता बोटाचा आकडा आला आहे. त्या आकड्यावर बाळाला तालुक्याला पाठवायचं की नाही हे ठरेल.

विदर्भ आणि नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात प्रश्नाला आणखी एक पदर आहे. तिथे सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचं प्रमाण मोठं आहे. जुलै २०२३मध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीमही सुरू झाली. सिकलसेलच्या रुग्णात यंत्राचा आकडा आणि रक्तातला आकडा यांचा मेळ नेहमी बसत नाही, हे पूर्वीपासून माहीत आहे, आणि चूक कधी वरच्या तर कधी खालच्या बाजूची असते. सावळी कातडी, तीव्र रक्तक्षय, मंद ठोका आणि बदललेलं हिमोग्लोबिन, हे चारही घटक एकाच मुलीत एकत्र येऊ शकतात. परदेशातल्या चाचण्यांत हे घटक एकेकटे किंवा फार तर दोन मिळून तपासले गेले. त्या मुलीच्या बोटावरचा ९३ म्हणजे नेमका किती, हे त्यांतून सांगता येत नाही.

उरलेले प्रश्न

त्या मुलीच्या बोटावरचा आकडा खरा किती, ते सांगायचं तर इथल्या माणसांवर मोजावं लागेल. त्यासाठी लागणारी सामग्री अद्भुत नाही. मोठ्या शासकीय रुग्णालयांच्या आयसीयूत धमनीच्या रक्ताची तपासणी रोज होते. त्याच क्षणी यंत्राचं वाचन, परफ्यूजनचा आकडा, हिमोग्लोबिनची पातळी आणि बोटाच्या कातडीची छटा नोंदवली, तर दहा मिनिटांच्या अंतराचा आक्षेपही उरत नाही. छटा मोजायची श्रेणी कोणती, हे मात्र आधी ठरवायला हवं. आपल्याकडचे गव्हाळ ते गडद सावळे रंग मंक श्रेणीच्या मधल्या दोन-तीन घरांतच गर्दी करतील, असं होऊ शकतं. नियामकापुढचा प्रश्न निराळा आहे: आयात यंत्रांचे परदेशातल्या स्वयंसेवकांवरचे निकाल जसेच्या तसे स्वीकारायचे, की भारतीय कातडीवरचा वेगळा निकाल मागायचा? मागितला तर स्वस्त यंत्रं महागतील का, आणि महागली तर आरोग्य केंद्रांपर्यंत पोचतील का?

कातडीच्या रंगाइतकाच अवघड भाग बाळांचा आहे. नियंत्रित चाचणीत प्रौढ स्वयंसेवकाला संमतीनं कमी प्राणवायू देता येतो; बाळाला देता येत नाही, देऊही नये. त्यामुळे नवजात बाळांसाठीचा पुरावा कायम नोंदींमधूनच गोळा करावा लागतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळांवरच्या २०२२च्या एका अमेरिकी अभ्यासात कृष्णवर्णीय बाळांत आकडा फुगलेला दिसला. २०१७च्या अभ्यासात, वेगळ्या आजाराच्या बाळांत, तो दिसला नव्हता. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला प्राणवायू कमी पडला तर जीवावर बेततं, जास्त झाला तर दृष्टीवर. आपल्याकडच्या नवजात शिशू कक्षांत डॉक्टर आणि सिस्टर याच दोन मर्यादांच्या मधल्या अरुंद पट्ट्यात, याच यंत्राच्या भरवशावर प्राणवायूची कळ फिरवत असतात. तो पट्टा सावळ्या बाळासाठी थोडा वर सरकवायचा की तिथेच ठेवायचा, यावर कुणाकडेही आज पक्कं उत्तर नाही.